फणसावरची आमरी

फार फार पूर्वी डोंगराच्या उतरणीवर एक गाव होतं. त्या गावात दोन भाऊ राहायचे, एक वर आणि एक खाली. घर एकच हो, चूलही एकच. पण थोरला सदा झाडावर आणि धाकटा सदा जमिनीवर, म्हणून गाव त्यांच्याबद्दल तसं म्हणायचं.

कुणाचे नारळ उतरवायचे असोत, फणस काढायचा असो, नाहीतर फांदी छाटायची असो, हाक थोरल्यालाच. धाकट्याला मात्र शेताच्या बांधावर उभं राहिलं तरी गरगरायचं. त्याचं सगळं कसब मातीत. त्याची वांगी अशी तुकतुकीत की बायका त्यात तोंड बघून कुंकू लावतील. त्याचं पडवळ मांडवावरून उतरून शेजाऱ्याच्या अंगणात डोकावायचं. शेण, माती आणि पाणी. धाकट्याच्या मते या जगात चौथी वस्तू लागतच नव्हती.

दोघा भावांचं बोलणं दिवसभर ओरडून चालायचं.

"अरे ए, खाली कोणी आहे का? दोर सोड की!"

"आहे, आहे! तू आधी माझ्या वांग्यांवर फांद्या टाकायचं बंद कर!"

"वांगी कुठली रे? मला वरून गोट्या दिसतात!"

"मग जेवताना भाजी मागू नकोस!"

ओटीवर तांदूळ निवडत बसलेली वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, सुपातून मान वर न काढता म्हणायची, "दोघांचे घसे बसतील तेव्हा गावाला कळवते. बिचारे एक दिवस निवांत झोपतील."

आता त्या गावाची एक रीत होती, ती सांगायलाच हवी. त्या डोंगरात आमरी नावाचं एक रोप होतं. ते जमिनीत उगवत नाही. झाडाच्या खोडाला मुळांनी धरून राहतं, आणि ज्येष्ठ महिना आला की त्याला हातभर लांब, गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचा गजरा लोंबू लागतो. गावात नवी सून आली की नवऱ्याने वाऱ्याने खाली पडलेलं आमरीचं रोप रानातून आणायचं आणि दारच्या झाडाला बांधायचं. पुढे त्या घरात मूल झालं की येणाऱ्या ज्येष्ठात त्याचा पाळणा त्या फुलाखाली टांगायचा. बाप वर चढून फांदी किंचित वाकवायचा, गजरा बाळाच्या कपाळाला टेकायचा, की झाला पहिला झोका. मग गूळखोबरं, टाळ्या आणि गोंधळ.

गावातल्या निम्म्या नवऱ्यांना झाडावर चढता येत नव्हतं. त्यांच्या वतीने थोरलाच चढायचा आणि बांधायचा. एकदा बांधलेल्या आमरीला कुणी हात लावायचा नाही, अशीही रीत होती. का लावायचा नाही, ते कुणी विचारलं नव्हतं. थोरल्याला माहीत आहे ना, मग झालं.

थोरल्याने आपल्या लग्नात दारच्या फणसाला आमरी बांधली होती. मागच्या ज्येष्ठात तिला पहिला गजरा आला, आणि पुढे चैत्रात वहिनीला दिवस गेले. थोरल्याचे पाय जमिनीवर ठरेनात, तसे ते आधीही ठरत नव्हतेच म्हणा. तो धाकट्याला म्हणाला, "बाळ झाल्यावरच्या ज्येष्ठात बघ. खाली पाळणा तू धरायचास. वर फांदी मी वाकवणार."

पण श्रावणात थोरल्याला ताप भरला. वैद्याने काढे दिले, गावाने नवस बोलले. ताप काही उतरला नाही. एका दुपारी थोरला गेला.

धाकटा रडला नाही. तो कामाला लागला. त्याने खणलेलं शेत पुन्हा खणलं, भरलेली विहीर जणू उपसून टाकणार अशा त्वेषाने पाणी ओढलं. लोक म्हणाले, किती धीराचा आहे! वहिनीला मात्र दिसायचं की खणता खणता तो मधेच थांबतो, मान वर करून फणसाकडे बघतो आणि कुणी ओरडायची वाट पाहतो.

दिवसकार्य झाल्यावर जमलेल्या माणसांपुढे धाकटा एकदम उभा राहिला आणि म्हणाला, "दादाच्या बाळाचा पहिला झोका दादाच्याच फुलाखाली होणार. ती जबाबदारी माझी!"

शेजारचा कुंभारमामा हळूच म्हणाला, "अरे, पण वर चढणार कोण?"

"ते मी बघतो!" धाकटा म्हणाला. विचार करून बोलणं हा त्याचा स्वभावच नव्हता. आधी बोलायचा, मग कामाला लागायचा आणि विचाराला शेवटी वेळ उरला तर उरला.

पाऊस सरला. कार्तिकातल्या एका सकाळी धाकट्याने फणसाकडे नीट बघितलं. आमरीची पानं सुरकुतली होती. मुळं पांढरीफटक पडली होती आणि उघड्यावर वाऱ्यात लोंबत होती. ना खाली माती, ना जवळ पाणी.

"अरे देवा! दादाचं रोप उपाशी आहे!"

झाडावर चढणं तर शक्य नव्हतं. त्याने आंबे काढायची लांब आकडी आणली, खालूनच आमरीत अडकवली आणि मारला हिसका. मुळं सालीला इतकी घट्ट धरून होती की कडाकडा तुटली. आमरी खाली आली, धाकट्याने ती ओंजळीत झेलली आणि तसाच कुंभारमामाकडे धावला.

"मामा, तुमची सगळ्यात चांगली कुंडी द्या!"

कुंभारमामाने त्याच्या हातातलं रोप बघितलं. "आमरी? खाली काढलीस? अरे, हात लावत नाहीत तिला."

"मरायला सोडू का मग?" धाकटा असा खेकसला की मामाने गुपचूप नक्षीची कुंडी काढून दिली. दुःखातल्या माणसाशी कोण वाद घालणार?

मग काय विचारता! कुंडीत नदीकाठची काळी माती आली. त्यात कुजलेलं शेणखत आलं, राख आली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. पडवळाला मानवतं म्हणून माशांचं धुवण घातलं. थंडी पडली तशी कुंडी चुलीशेजारी आली, आणि वर गोणपाटाची घोंगडी. एके दिवशी वहिनीने बघितलं, तर धाकटा पेल्यातून ताक ओतत होता.

"भावोजी, आता मीठ लावून भातही कालवा तिला."

"वहिनी, थट्टा नको. तिच्या अंगात जोर यायला हवा."

पौषात वहिनीला मुलगी झाली. गोरीगोमटी, मुठी आवळलेली, आवाज मात्र थेट बापाचा. डोंगरापलीकडे ऐकू जाईल असा. धाकट्याची धावपळ दुप्पट झाली. एक कान बाळाकडे, एक डोळा कुंडीकडे. बाळ शिंकलं की तो आमरीवरचं गोणपाट सारखं करायचा, आणि आमरीचं पान हललं की बाळाला दुपटं गुंडाळायचा.

सुईणबाई बाळाला न्हाऊ घालायला यायची. ती म्हणाली, "मेल्या, पोरीला श्वास घेऊ दे. कोबीचा गड्डा केलास तिचा."

माघात आमरीचं खालचं पान पिवळं पडलं. धाकट्याने खत वाढवलं. दुसरं पडलं, त्याने पाणी वाढवलं. तिसरं पान तर हात लावताच बुडातून गळून हातात आलं आणि कुंडीतून कुबट वास आला. त्याने माती उकरली. दादाच्या झाडावर पांढरी, ताठ, सुतळीसारखी दिसणारी मुळं आता शिजवलेल्या अळूसारखी लिबलिबीत झाली होती.

धाकटा तिथेच बसला. वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली, तरी त्याने मान वर केली नाही.

"वहिनी, मी काय द्यायचं ठेवलं हो? सगळं तर दिलं."

वहिनीने कुंडीत बघितलं. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण तिने आवाज सांभाळला. "वांग्याला जे हवं ते सगळं दिलंत, भावोजी. पण ही वांगं नाही."

"मग हिला काय लागतं? दादाने तुम्हाला काही सांगितलं असेल ना?"

"वर काय करायचे ते वरच ठेवून यायचे. मी विचारलं की म्हणायचे, 'चढून बघ.' मी कुठली चढते!" वहिनीला त्यातही हसू फुटलं. "एकदा मी म्हटलं, आमरी छान लावलीत. तर म्हणाले, लावली नाही गं, टेकवली. राहायचं की नाही ते ती ठरवते."

धाकटा पहाटेपर्यंत कुंडीपाशीच बसून राहिला. मग उठला. खुंटीवरचा थोरल्याचा दोर काढला, कमरेला गुंडाळला आणि रानाच्या वाटेला लागला. रानाच्या तोंडाशी एक जुनाट आंबा होता. त्याच्या अंगाखांद्यावर माणसाने न बांधलेल्या कितीतरी आमऱ्या होत्या.

त्याने खोडाला मिठी मारली आणि डोळे मिटून चढायला सुरुवात केली. पाय लटपटत होते, दात वाजत होते. "दादा रे, दादा रे," म्हणत तो पहिल्या बेचक्यात पोचला आणि तिथे घोड्यावर बसावं तसा बसला. तोंडाशीच एक आमरी होती. आता दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती, कारण दुसरीकडे म्हणजे खाली. म्हणून तो दिवसभर आमरीच बघत राहिला.

सकाळचं धुकं आलं. लोंबणाऱ्या पांढऱ्या मुळांवर बारीक दव बसलं आणि बघता बघता ती मुळं हिरवी झाली. धाकट्याने डोळे चोळले. मग ऊन आलं, तेही आंब्याच्या पानांतून गाळून, कवडशाकवडशाने. वारा सुटला. दुपारपर्यंत मुळं सुकून पुन्हा पांढरी झाली. मेली नव्हती ती, पाणी पिऊन झाल्यावर अंग कोरडं करून बसली होती. पानं मधोमध दुमडलेली, पन्हळीसारखी. पाणी पडलं तरी ओघळून जाईल, बुडाशी साठणार नाही. बुडाशी माती नव्हतीच. थोडं वाळलेलं शेवाळ, थोडा पालापाचोळा आणि एका पाखराची शीट. एवढंच तिचं खत. आणि हिची पानंही सुरकुतलेली होती, तशीच, थंडीत गप्प बसलेली.

"म्हणजे तुला मी उपाशी समजलो," धाकटा आमरीला म्हणाला, "आणि तू तर जेवून ढेकर देऊन बसली होतीस!"

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा वहिनीने शोधायला पाठवलेला कुंभारमामा आंब्याखाली येऊन उभा राहिला.

"अरे, उतर की आता!"

"येत नाही उतरायला!"

"मग चढलास कसा?"

"चढताना डोळे मिटले होते!"

"मग मिटूनच उतर! नाहीतर राहा तिथेच, ज्येष्ठात तुलाही फुलं येतील!"

शेवटी मामा खालून सांगत गेला, डावा पाय इकडे, उजवा तिकडे, आणि धाकटा कसाबसा घसरत, गुडघे सोलत खाली आला. जमिनीवर पाय टेकताच तो म्हणाला, "मामा, मला कळलं." मामा म्हणाला, "मला वर बघून माझी मान मोडलीय एवढं कळलं. चल घरी."

दुसऱ्या दिवशी त्याने आमरी कुंडीतून अलगद काढली, स्वच्छ पाण्याने धुतली. पाजळलेली सुरी विस्तवावर धरून त्याने कुजलेलं सगळं कापलं. उरली पानं चार आणि मुळं इतकी थोडी की बघवेना. कापल्या जागी हळद दाबली. आणि मग त्याने त्याच्या आयुष्यातली सर्वांत कठीण गोष्ट केली. काहीच केलं नाही. जखमा सुकेपर्यंत आमरी पडवीच्या सावलीत कोरडी लटकत राहिली आणि धाकटा पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढून येरझारा घालत राहिला. वहिनीने शेवटी तांब्याच काढून घेतला.

जखमा सुकल्यावर तो फणसावर चढला. थोरल्याने बांधली होती तिथेच, उगवतीच्या अंगाला, जिथे सकाळचं कोवळं ऊन पानांतून गाळून येतं. नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या काथ्याचा, एक वाळका तुकडा बुडाशी ठेवला, आमरी खोडाला टेकवली आणि केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, बांधली. आधी करकचून गाठ मारली. मग थांबला आणि सैल केली. मुळांनी झाडाला धरेपर्यंत सोपट टिकेल आणि मग आपोआप कुजून गळून पडेल, एवढंच ते काम.

रोज सकाळी तो तांब्याभर पाणी घेऊन चढायचा आणि मुळांवर शिंपडायचा. पांढरी मुळं हिरवी झाली की बस. पाण्याचा उरलेला थेंबही पानांच्या बेचक्यात राहू द्यायचा नाही. धुकं असलं तर शिंपडायचंही नाही. हळूहळू त्याचे पाय लटपटायचे थांबले. बाळाला खाली ओटीवर ठेवलेलं असायचं, ते वर बघून हात नाचवायचं.

"अगं ए, बघतेस काय!" तो वरून ओरडायचा. "काका चढलाय!"

वहिनी आतून ओरडायची, "गाव पुन्हा झोपेना झालंय, भावोजी!"

चैत्र गेला. वैशाखात एका सकाळी त्याला आमरीच्या बुडाशी काहीतरी दिसलं. हिरवागार, ओल्या चमकत्या टोकाचा एक कोंब, बाळाच्या अंगठ्याएवढा. मूळ! नवं मूळ! ते हवेत जरा वळलं होतं आणि सालीला टेकत होतं. धाकटा फांदीवर उभा राहून नाचला असता, पण तेवढं अजून जमत नव्हतं.

मूळ आलं, पण फूल आलं नाही. ज्येष्ठ लागला. गावभर गजरे लोंबले. कुणाच्या आंब्यावर, कुणाच्या जांभळीवर. घरोघरी पहिले झोके सुरू झाले आणि सुईणबाई ओटीत गूळखोबरं घेऊन दारोदार फिरू लागली. फणसावर चार पानं आणि एक नवं मूळ, तेवढंच.

"उद्या तुमची पाळी रे," सुईणबाई जाता जाता म्हणाली. वर तिने बघितलंही नाही. तिला कमी दिसायचं.

कुंभारमामाला राहवलं नाही. त्याने धाकट्याला बाजूला घेतलं. "हे बघ, एवढं तोंड पाडू नकोस. रानातल्या आंब्यावर गजरे लोंबताहेत. पहाटे जा, एक तोडून आण, पानांत बांधून टाक. खालून कुणाला काय कळतंय? तू भर सभेत बोलून बसलायस. वहिनीलाही बरं वाटेल."

धाकट्याला ते एकदम पटलं. पटायला त्याला वेळ कधी लागायचा? उजाडता उजाडता तो कोयता घेऊन आंब्यावर चढला, आता डोळे उघडे ठेवून. त्याच आमरीला लांबलचक गजरा आला होता. त्याने तो हातात धरला. एक मधमाशी फुलातून तोंड काढून त्याच्याकडे बघून पुन्हा आत गेली. त्याने कोयता टेकवला.

आणि त्याच्या मनात आलं, आता मी हा नेऊन बांधणार. संध्याकाळपर्यंत हा सुकणार. पोरीला सगळे सांगणार, हे तुझ्या बाबांचं फूल. पुढच्या ज्येष्ठातही बांधावा लागेल, त्याच्या पुढच्याही. मोठी होऊन पोर विचारेल आणि मी म्हणेन, हो हो, बाबांचंच. दादा आहे, फक्त वर आहे, असं मी किती दिवस म्हणत राहणार?

त्याचा हात सुटला. कोयता खाली पालापाचोळ्यात पडला.

"दादा गेला," धाकटा मोठ्याने म्हणाला.

श्रावणापासून हे त्याने एकदाही म्हटलं नव्हतं. आता म्हटलं आणि झाडाला दोन्ही हातांनी कवटाळून तो रडला. भोकाड पसरून रडला. पाखरं उडाली, माकडं दुसऱ्या झाडावर गेली. रडून झाल्यावर त्याने उपरण्याने नाक पुसलं आणि हलक्या अंगाने, रिकाम्या हाताने खाली उतरला.

फणसाखाली गाव जमलं होतं. पाळणा सजला होता. सगळ्यांनी वर बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं. कुंभारमामा डोळ्यांनी विचारत होता, कुठे आहे? धाकटा मधे उभा राहिला.

"फूल नाही," तो म्हणाला. "दादाने बांधलेली आमरी मी आकडीने खाली ओढली. कुंडीत कोंबली, पाण्याने कुजवली. मरता मरता वाचलीय. यंदा फूल येणार नाही, पुढच्या वर्षीही बहुधा नाही. मी शब्द दिला होता, तो मोडला. रानातून फूल तोडून बांधायला निघालो होतो, ते जमलं नाही. एक मूळ मात्र फुटलंय. एवढंच आहे."

 मागून कुणीतरी पुटपुटलं, "फुलावाचून कसला झोका? पुढच्या साली बघू." धाकट्याने मान खाली घातली.

तेवढ्यात सुईणबाई काठी टेकत पुढे आली. "कुठे आहे रे ते मूळ? मला दिसत नाही. वहिनीला विचार, तिला दिसतंय का."

वहिनीने बाळ सुईणबाईच्या हातात दिलं, पदर खोचला, आणि सगळ्यांच्या देखत शिडी लावून फणसावर अर्ध्यापर्यंत चढली. आजवर कधी न चढलेली. तिने ते हिरवं टोक बघितलं. आमरीने सालीला धरलं होतं. बोटाने हळूच ढकलून बघितलं तरी हललं नाही.

वहिनी वरूनच म्हणाली, "पाळणा इथेच बांधा. हिने राहायचं ठरवलंय."

"झालं तर!" सुईणबाई म्हणाली. "फूल चार दिवसांचं. माझ्या हातून एवढी पोरं आली, त्यांतलं एकही फुलासकट आलं नाही. बांधा रे!"

आणि मुळाखाली झोका झाला. कपाळाला टेकवायला गजरा नव्हता, म्हणून धाकट्याने वर चढून मुळावर पाणी शिंपडलं, ते ठिबकून बाळाच्या नाकावर पडलं. बाळ असं किंचाळलं की टाळ्या कुणाला ऐकूच आल्या नाहीत. कुंभारमामाने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "बरं झालं माझं ऐकलं नाहीस. माझं कुणी ऐकत नाही तेच बरं असतं."

पुढच्या ज्येष्ठात पानंच आली. नवी, ताठ. सोपट कधी गळून पडलं ते कुणाला कळलंही नाही. धाकटा सकाळी पाणी शिंपडायचा, पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा तांदळाचं पातळ धुवण, आणि थंडीत तिला गप्प बसू द्यायचा. पानं सुरकुतली की आता तो घाबरायचा नाही. गावातले नवे नवरेही त्याच्याकडे येऊ लागले. त्यांच्यासाठी तो चढायचा, पण आधी त्यांनाही चढायला लावायचा. "नुसती बांधून काय होतंय? वर या, बसा, बघा ती कशी राहते ते," म्हणायचा.

आणि त्याच्या पुढच्या ज्येष्ठात फणसावरून गजरा लोंबला. चांगला हातभर, गुलाबी ठिपक्यांचा, ओथंबलेला.

पोर आता धावत होती, भांडत होती, कुत्र्याच्या शेपटीला दोरी बांधत होती. तरी तिने हट्ट धरला, मला पण झोका पाहिजे. पाळणा काढला. ती त्यात मावेना. दोन्ही पाय बाहेर, एक हात बाहेर, आणि गाव पोट धरून हसतंय. धाकट्याने वरून फांदी वाकवली. गजरा तिच्या कपाळावर टेकला, तिने लगेच तोंडात घालून बघितला आणि थुंकला.

"काका, हे कुणी केलं?"

 धाकटा फांदीवरून म्हणाला, "तुझ्या बाबांनी टेकवलं होतं. मी पाडलं. मग पुन्हा टेकवलं. पुढचं तिचं तिने केलं."

पोरीने विचार केला, पण फार नाही, घराण्याचा गुणच तो. मग दोन्ही हात वर करून म्हणाली, "मला पण वर घे."

धाकट्याने वहिनीकडे बघितलं. वहिनी हसत होती. ती म्हणाली, "बघता काय? घ्या!"

ही गोष्ट ज्यांनी ऐकली त्यांनी एवढं तात्पर्य गाठीला बांधावं: ज्याच्यावर जीव आहे, त्याला आपल्या मातीत ओढू नये, आपण त्याच्यापाशी जावं, तो कसा जगतो ते बघावं आणि तेवढंच द्यावं. आणि आपल्या हातून काही मोडलंच, तर त्यावर खोटं फूल बांधू नये. खरं मूळ धरेपर्यंत दम धरावा.